पौषातली परसबाग

कडाक्याच्या थंडीत एका रात्रीत टोमॅटोची, वांग्याची पाने करपून जातात. पण त्याच अंगणात वळचणीखाली असलेले रोप टवटवीत राहते. हवा दोघांभोवती सारखीच. मग हा फरक का?

याचे उत्तर वर आकाशात आहे. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. यालाच प्रारण म्हणतात. वळचणीखालच्या पानाने टाकलेली बरीचशी उष्णता छपराकडून त्याला परत मिळते. निरभ्र आकाशाकडून मात्र ती कमी मिळते. म्हणून वारा पडलेल्या रात्री उघड्यावरचे पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. ढग आणि हवेतील बाष्प काही उष्णता जमिनीकडे परत पाठवतात. पण आपला सिन्नर तालुका पर्जन्यछायेतला. हिवाळ्यात येथे हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ. शेजारच्या निफाडच्या थंडीची बातमी तर दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते.

विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरांनी दवाविषयीचा आपला निबंध १८१४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. माळी रोपांवर पातळ चटया टाकतात, याचे त्यांना पूर्वी हसू येई. हवा थंड असताना पातळ चटईने काय होणार? पुढे त्यांनी चार काठ्यांवर एक तलम रुमाल गवतापासून सहा इंच उंच ताणून बांधला. रुमालाखालचे गवत उघड्या गवतापेक्षा उबदार राहिले!

आता परसबागेत काय करावे ते पाहू.

सूर्यास्ताच्या सुमारास काठ्या रोवून रोपांवर जुने धोतर किंवा गोणपाट ताणा. ते पानांना टेकू देऊ नका. सकाळी ऊन येताच काढा.

संध्याकाळी वाफ्याला विहिरीचे पाणी द्या. हिवाळ्यात ते कोमट असते. पंधरा लिटरची एक बादली पाणी १० अंश सेल्सिअसने थंड होताना १५० किलोकॅलरी उष्णता देते. शिवाय ओल्या मातीतून खालची उष्णता कोरड्या मातीपेक्षा सहज वर येते.

रोपांच्या बुडाशी पसरलेला पालापाचोळा चैत्रात ओल टिकवतो. पौषात मात्र तोच जमिनीची ऊब खालीच अडवतो आणि वरची पाने अधिक गारठतात. म्हणून थंडीच्या लाटेत तो बाजूला सारा.

आणि धूर? धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, तर पानातून निघणाऱ्या अवरक्त किरणांची तरंगलांबी सुमारे १० मायक्रॉन असते. त्यामुळे धुरातून उष्णता सहज निसटते. शेकोटीचा जो थोडाफार उपयोग होतो तो तिच्या आचेचा आणि तिने ढवळलेल्या हवेचा.

हे पडताळून पाहायचे आहे? शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन तापमापक मागून घ्या. रात्री एक गवतावर उघडा ठेवा, दुसरा ताणलेल्या कापडाखाली. पहाटे दोन्हींची नोंद करा. ढगाळ रात्री हाच प्रयोग पुन्हा करून पाहा. दोन तापमापकांतला फरक त्या रात्री कमी का भरतो, हे आता तुम्हीच सांगा.