न बोलणाऱ्यांची भाषा आणि वर्धिष्णू मनोवृत्ती

बोलता न येणे म्हणजे भाषा नसणे, हा समज आपल्याकडे फार रूढ आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने वाणी हे भाषेचे एक वाहन होय. हस्तसंकेत, चित्र व लिपी ही दुसरी वाहने. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता इत्यादी कारणांनी ज्यांस मुखावाटे उच्चार साधत नाहीत, त्यांच्या उपयोगी पडणाऱ्या या साधनांस पूरक व पर्यायी संज्ञापन असे म्हणता येईल. चित्रांचा पुठ्ठा हे त्यांतील सर्वांत स्वस्त साधन.

क्षमता प्रयत्नाने व योग्य साहाय्याने वाढते, ही धारणा म्हणजे वर्धिष्णू मनोवृत्ती. (हे विशेषण सातारकरांस राजमुद्रेमुळे अपरिचित नसावे.) अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांच्या २००६ सालच्या ग्रंथाने ही कल्पना लोकप्रिय झाली, तथापि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका समग्र परीक्षणात शालेय प्रगतीवरील तिचा परिणाम अल्पच आढळला. तेव्हा मुलास जिद्दीचा उपदेश करून फारसे साधणार नाही. ज्याच्या हाती शब्दच दिलेले नाहीत, त्याने जिद्द धरावी ती कशाच्या आधारावर? आमच्या मते ही मनोवृत्ती प्रथम ऐकणाऱ्याच्या ठिकाणी हवी.

पालकांस एक भीती असते: चित्रे दिली तर मूल बोलण्याचा प्रयत्नच सोडील. २००६ सालच्या एका परीक्षणात विश्वसनीय पुरावा असलेली २७ उदाहरणे तपासली गेली. त्यांपैकी एकातही वाणी घटली नाही. ८९ टक्के उदाहरणांत ती काहीशी वाढलीच.

आता लोणंदच्या एखाद्या घरात असा पुठ्ठा करावयाचा आहे असे समजू. बहुधा पाणी, भाकरी, संडास यांची चित्रे प्रथम चिकटविली जातात. एवढ्याने मूल मागू शकते, परंतु सांगू शकत नाही. बाजारातील कांद्याचे ढीग, स्टेशनातील गाडी, आषाढीच्या वाटेवर मुक्कामास येणारी ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी, ही त्याच्या अनुभवातील नामे पुठ्ठ्यावर हवीतच. त्यांहून महत्त्वाचे म्हणजे ‘मी’, ‘अजून’, ‘कुठे’, ‘का’ आणि ‘नको’ हे शब्द.

येथे मराठीचे व्याकरण आडवे येते. ‘चहा हवा’, ‘भाकरी हवी’, ‘पाणी हवे’: मागण्याचा शब्द वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो. बोलक्या यंत्रात ‘हवे’ हे एकच बटन ठेवले तर ‘भाकरी हवे’ असे ऐकू येईल. ‘मी जातो’ की ‘मी जाते’, हेही यंत्र कोणाच्या हाती आहे त्यावरून ठरवावे लागते. इंग्रजी नमुन्यावरून केलेल्या फलकांत ही सोय सहसा नसते. याउलट ‘नको’ हा शब्द तिन्ही लिंगांत तोच राहतो. म्हणून मराठी मुलाचा तो अत्यंत काटकसरीचा शब्द ठरतो. आणि मोठ्यांच्या सोयीचा नसल्याने नेमका तोच पुठ्ठ्यावरून गळतो! मुलाने ‘भाकरी हवे’ असे दाखविले, तर ‘भाकरी हवी? ही घे’ असे म्हणून ती द्यावी. बोलक्या मुलाच्या बोबड्या बोलांना आपण हेच करतो. तेथे चूक ही वाढीची खूण मानतो, येथे मात्र अपात्रतेचा पुरावा.

मुंबईच्या आय. आय. टी. मधील अभिकल्प विभागाने केलेले ‘जेलो’ हे साधन मराठीतही असून त्यात वस्तूंच्या चित्रांबरोबर आवड, नावड, होकार, नकार, अधिक व कमी अशी सहा बटने आहेत. ही रचना आम्हांस योग्य वाटते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यानेही संज्ञापनाच्या व्याख्येत अशा पूरक व पर्यायी साधनांचा अंतर्भाव केला आहे.

आशेच्या भरात एक सावधगिरी सुटू नये. सहायकाने मुलाचा हात धरून अक्षरांवर नेण्याची एक पद्धत परदेशांत पसरली होती. तपासणीअंती लिहिलेला मजकूर सहायकाचाच असल्याचे आढळले, आणि वाणी व श्रवण यांविषयीच्या अमेरिकन संघटनेने २०१८ साली तिच्याविरुद्ध मत दिले. मूल वाढेल यावर विश्वास ठेवावा, पण त्याचे म्हणणे आपण बनवू नये. सहायकास ठाऊक नसलेली गोष्ट मुलास विचारून पाहणे, ही साधी कसोटी घरीही लावता येते: दुपारी आजीबरोबर बाजारात काय पाहिले, हे संध्याकाळी आईने विचारावे, आणि पुठ्ठा मुलापुढे ठेवून आपले हात मागे घ्यावेत.