वाशीमच्या पोरांना वसई दाखवा

डिसेंबर तोंडावर आला की वाशीम, रिसोड, मालेगाव, कारंजा इथल्या शाळांतून सहलीच्या याद्या फिरू लागतात. पालकांची संमतिपत्रं, शिक्षण विभागाची परवानगी, मग आगारात एस.टी.साठी अर्ज. शालेय सहलीला महामंडळ भाड्यात 50 टक्के सवलत देतं, म्हणून सोयाबीनचा भाव पडला तरी बाप पोराला नाही म्हणत नाही. ठिकाणं ठरलेली असतात: शेगाव, वेरूळ, रायगड, आणि समुद्र पाहायचा म्हणून अलिबाग किंवा गणपतीपुळे. समुद्र दाखवायचाच असेल तर एक अख्खा दिवस वसईला द्यावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्या वऱ्हाडावर अंमल कुणाचा, याचा फैसला ज्या घटनांनी झाला त्यांची सुरुवात वसईत झाली.

1802 सालची ऐन दिवाळी. 25 ऑक्टोबरला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईला पोहोचला. 31 डिसेंबरला तिथे तह झाला. कंपनीची तैनाती फौज ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, असं त्यात ठरलं. नागपूरकर दुसरे रघूजी भोसले आणि दौलतराव शिंदे यांना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. वर्षभरात युद्ध आपल्या दाराशी आलं. 23 सप्टेंबर 1803 ला असई, 29 नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातलं अडगाव, 15 डिसेंबरला गाविलगड. दोन दिवसांनी देवगावचा तह होऊन भोसल्यांच्या हातून वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. तोवर वऱ्हाडात भोसले आणि निजाम अशी दोअमली होती. आता वाशीमसकट तो भाग निजामाचा झाला. त्याआधी, 1769 च्या कनकापूरच्या तहात, जानोजी भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल द्यायच्या जिनसांत वाशीम-बाळापूरचं पाच हजार रुपयांचं कापड होतं. एवढं नाव असलेल्या गावाचा धनी असा बदलला. पाठ्यपुस्तकात वसईच्या तहाला चार ओळी मिळतात आणि त्यांत वाशीम कुठेच नसतं.

पण तह ही वसईची फार उशिराची गोष्ट. वसईला आपण किल्ला म्हणतो, प्रत्यक्षात ते तटबंदीच्या आतलं अख्खं शहर होतं. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने ते पोर्तुगीजांना दिलं आणि दोनशे वर्षं त्यांनी ते नांदवलं. रस्ते, चौक, रुग्णालय, जेझुइटांचं महाविद्यालय, वेगवेगळ्या पंथांची चर्चं. सागवानी जहाजं बांधण्यासाठीही वसई प्रसिद्ध होती. 1597 मध्ये जपानातल्या नागासाकीत क्रुसावर चढवले गेलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी मोठी किंमत मोजून हे शहर जिंकलं. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्या विजयाची खूण आहे.

मुलांना फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या भिंतींत नक्की न्यावं. छप्पर केव्हाच गेलं आहे. पायाखालच्या फरसबंदीत थडग्यांचे दगड आहेत. त्यांवर ढाली, मानचिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. वाकून हात फिरवला तर खोलगट अक्षरं बोटांना लागतात. लिपी रोमन असल्याने सातवी-आठवीतलं पोरगं एखादं नाव, एखादं साल सहज लावू शकतं. तिथे घाई करू नये. एकेका गटाला एकेक दगड वाटून द्यावा आणि उतरवून घ्यायला सांगावं.

तटाबाहेर पाचूबंदरला कोळ्यांची वस्ती आहे. दोरीवर टांगलेले बोंबील, किनाऱ्याला लागलेल्या होड्या. मालेगावच्या खळ्यावर तूर वाळते, तसा इथे समुद्र वाळत असतो. वेळ उरलाच तर नालासोपाऱ्याचा स्तूप पाहावा. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच, आणि 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथे उत्खनन केलं. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच सापडला.

पाण्यात मात्र कुणालाही उतरू देऊ नये. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले, ती आठवण प्रत्येक शिक्षकाने मनात ठेवावी. वसईत पाहण्याजोगं सगळं जमिनीवरच आहे.

जायचं कसं? अकोल्याहून रात्रीची मुंबई गाडी धरली की सकाळी दादर. तिथून पश्चिम रेल्वेच्या लोकलने वसई रोड, पुढे बस. परतीची गाडी रात्रीची. मुलं दिवसभर चालतील, म्हणून पाणी आणि डबा सोबत हवा. तटाच्या आत दुकानांची अपेक्षा धरू नये.

दिवाळीची सुटी संपली की नियोजनाच्या बैठका सुरू होतील. गुरुजी, बाई, यंदाच्या यादीत वसई घाला. आणि परतल्यावर एखाद्या रविवारी मुलांना अडगावलाही न्या. अकोल्यापासून ते फार लांब नाही.