काडतुसाची पुंगळी आणि पावसाळ्यातला तबेला

अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या एका श्रोत्यांचा प्रश्न आहे. मुलाला नेमबाजीचा छंद. झाडलेल्या पुंगळ्या तो गोळा करून आणतो, गॅरेजमध्ये स्वच्छ करतो आणि पुन्हा भरतो. तिकडे हा कायदेशीर छंद आहे. आपण समई-निरांजन लख्ख करायला बाटलीतलं जे पॉलिश वापरतो, ते त्याला दिलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

नाही चालणार. का, ते सांगायला मला तुम्हाला इंग्रजी अमदानीतल्या आपल्याच देशातल्या एका तबेल्यात न्यावं लागेल. पण आधी पुंगळी म्हणजे काय ते बघू.

आपण ज्याला सरसकट 'गोळी' म्हणतो, ते असतं काडतूस. त्यात चार वस्तू: पुढची गोळी, आतली दारू, बुडाशी बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आणि या तिघांना धरून ठेवणारी पितळेची पुंगळी. फौजी हिंदीत आम्ही तिला खोका म्हणतो. बार झाला की बाकीच्या तिन्ही वस्तू संपतात, पुंगळी तेवढी उरते. म्हणून पुन्हा भरणाऱ्याचं सगळं गणित तिच्यावर चालतं.

हे पितळ साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असं असतं. हे मिश्रण निवडण्यामागे कारण आहे. बार होताना आतला दाब दर चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या वर जातो. त्या दाबाने पुंगळी फुगते, नळीच्या मागच्या घराला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की किंचित आक्रसते, म्हणून ती बाहेर ओढता येते. फुगणं आणि आक्रसणं, दोन्ही जमायला हवं. त्यासाठी तोंड मऊ आणि बूड कडक ठेवलेलं असतं. लष्करी काडतुसाच्या मानेपाशी निळसर-तपकिरी झाक दिसते ना, तो मळ नव्हे. तोंड मऊ करण्यासाठी दिलेल्या उष्णतेची ती खूण आहे. ती घासून काढायच्या भानगडीत पडू नका.

आता तबेला. पितळेच्या चकतीपासून दाबून, ताणून पुंगळी बनते. या ताणाताणीत धातूच्या अंगात एक ओढ शिल्लक राहते. डोळ्यांना ती दिसत नाही. इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या फौजेत पावसाळ्यात मोहिमा थंडावायच्या आणि दारूगोळा कोरड्या ऋतूपर्यंत ठेवून दिला जायचा, बरेचदा घोड्यांच्या तबेल्यांत. पावसाळा सरल्यावर पेट्या उघडाव्यात तर पुंगळ्यांना भेगा! कुणी हात लावला नव्हता, एक बार झाला नव्हता. ऋतू पालटला की भेगा दिसतात, म्हणून याला नाव पडलं सीझन क्रॅकिंग.

उलगडा व्हायला 1921 साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की गुन्हेगार अमोनिया आहे. घोड्यांच्या मुतातून तो हवेत सुटत होता. ओल होतीच. अमोनिया ओलीत तांब्याला पकडतो आणि विरघळवतो, आणि जिथे धातू आतून ताणलेला असेल तिथे भेग आत आत सरकत जाते. बाहेरून पुंगळी जवळजवळ पहिल्यासारखीच दिसते. इलाज निघाला तोही साधा: ताणून झाल्यावर पुंगळीला हलकी आच द्यायची, म्हणजे अंगातली ओढ सैल पडते. काडतुसांच्या कारखान्यांत हे रीतसर केलं जातं. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावलाही आहे, हे महाराष्ट्राबाहेरच्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल.

मग आज काळजी कसली? अशी की झाडलेली पुंगळी ही कारखान्यातली कोरी पुंगळी नव्हे. ती फुगली, आक्रसली, मग पुन्हा भरण्यासाठी साच्यात दाबून मापात आणली गेली. म्हणजे ओढ पुन्हा अंगात आली. आणि पितळ चमकवणाऱ्या अनेक द्रवांत अमोनिया असतो. झाकण उघडताच नाकात झोंबतो तो वास त्याचाच. फौजेत बिल्ले आणि बक्कल चमकवण्याला 'ब्रासो मारणं' म्हणतात, मीही आयुष्यभर मारला. बिल्ल्याला ते शोभतं. बिल्ल्याच्या आत पन्नास हजार पौंडांचा दाब येत नाही. भेगाळलेली पुंगळी रायफलीत फुटली तर तापलेले वायू मागे फिरतात, आणि मागे नेमबाजाचा डोळा असतो.

तर मुलगा जे करतो तेच बरोबर आहे, फक्त त्यामागचा हेतू पक्का हवा. सफाई चमक आणण्यासाठी नसते. वाळूचा कण राहिला तर साचा आणि रायफलीचं घर दोन्ही ओरखडतात, आणि मळाखालची चीर दिसत नाही, म्हणून सफाई. काळवंडलेली पण स्वच्छ पुंगळी लख्ख पुंगळीइतकीच काम देते.

तिकडे दोन रीती आहेत. कोरडी रीत म्हणजे थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या टरफलांचा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा घालून त्यात पुंगळ्या घुसळायच्या. ओली रीत म्हणजे फिरत्या पिंपात पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि स्टीलच्या बारीक सळ्या. ओल्या रीतीत जुनी टोपी आधी काढावी, नाहीतर पाणी तिच्यामागे अडकून राहतं. पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल टाकतात, म्हणजे आपल्या लिंबाचंच तत्त्व. पण जास्त झालं किंवा फार वेळ ठेवलं तर पुंगळी गुलाबी पडते. घरच्या तांब्या-पितळेवर बायका चिंच लावून लगेच खळखळून धुतात, त्यातलं शहाणपण इथेही लागू आहे. वाळवायला ऊन किंवा पंखा. घाई करून भट्टीत वा ज्योतीवर धरू नये; बूड मऊ पडलं की पुंगळी बाद.

धुऊन झाल्यावर प्रत्येक पुंगळी हातात घेऊन बघायची. मानेला उभी चीर आहे का? बुडाच्या जरा वर उजळ आडवं कडं दिसतंय का? ते कडं म्हणजे भिंत आतून पातळ झाल्याची खूण. पुढच्या बाराला बूड तुटून वेगळं होऊ शकतं. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवली की खाच लागते. लागली, तर भंगारात.

आणखी एक गोष्ट आजीआजोबांसाठी. टोपीच्या दारूत बहुधा शिशाचं संयुग असतं, त्याची काजळी पुंगळीत राहते. कोरड्या भरड्याची धूळ म्हणजे शिशाची धूळ. नातवंडं तिथे खेळायला नकोत, स्वयंपाकघराचं सिंक आणि तिथली भांडी त्यासाठी नकोत. हातमोजे, मास्क, आणि काम उरकल्यावर साबणाने हात धुणं.

आपल्याकडच्या उत्साही मंडळींना मात्र स्पष्ट सांगतो. भारतात परवान्याशिवाय काडतूस भरणं हा शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हा आहे, आणि दारूगोळ्याचे सुटे भागही त्या कायद्यात दारूगोळ्यातच मोजले जातात. रेंजवर फायरिंग संपलं की आम्ही खोके वेचून मोजून परत करायचो. एक कमी भरला तर अख्खी तुकडी वाळूत बोटं घालत बसायची. फायरिंग रेंजच्या आसपास राहणाऱ्यांनी पितळेच्या भंगारासाठी तिथे जाऊ नये. रिकाम्या पुंगळ्यांमध्ये न फुटलेला गोळाही पडलेला असू शकतो. असं काही दिसलं तर हात न लावता लांब व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं.