घाटात काय काय उकळतं
वैशाखातली दुपार, नाशिक जिल्ह्यातला नांदुरीचा घाट. सप्तशृंगी गडाच्या वाटेवर एका वळणाला जुनी मारुती व्हॅन कडेला घेतलेली, मागच्या चाकाला दगड लावलेला. बायका-मुलं झाडाखाली बसली आहेत. ड्रायव्हरनं पुढची सीट उचलून धरली आहे आणि तिच्याखालून भसाभसा वाफ येते आहे.

हो, सीटच्याच खालून! १९८४ साली ही व्हॅन आली, १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले आणि २०१९ मध्ये ती बनायची थांबली. एवढ्या वर्षांत तिचं इंजिन पुढच्या सीटखालीच राहिलं. अवघं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. म्हणजे एकेक सिलिंडर चहाच्या मोठ्या मगाएवढा. मिनिटाला चार हजार फेऱ्यांनी ते पळतं, तेव्हा सेकंदाला किती ठिणग्या पडतात माहीत आहे? बरोब्बर शंभर. शंभराची लवंगी माळ दर सेकंदाला एक, आणि वर आपण पाय पसरून भेळ खात बसलेलो!

या प्रत्येक स्फोटाच्या पोटात दोन हजार अंशांच्या आसपास उष्णता असते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मग पिस्टनचं पाणी कसं होत नाही? ज्वाळा क्षणभरच टिकते, आणि भोवती खेळणारं पाणी उष्णता सारखी ओढून नेतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेतला जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची बरीचशी या पाण्याच्या आणि सायलेन्सरच्या वाटेनं वाया जाते.

पण पाणी तर शंभरला उकळतं! त्यातही नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर. हवेचा दाब कमी, म्हणून इथे ते ९८ च्या आसपासच उकळतं. गडावरचं गाव हजार मीटरच्याही वर, तिथे ९६ वर. म्हणजे चढ वाढतो तशी इंजिनाची धग वाढते आणि पाण्याची सोसण्याची ताकद घटते. घाट दोन्ही बाजूंनी कोंडीत पकडतो.

या कोंडीतून सोडवतं ते रेडिएटरचं बूच. मुठीत मावेल एवढं, आत एक स्प्रिंग आणि रबराची चकती. ते पाण्याला दाबून धरतं, प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं. त्या दाबाखाली तेच पाणी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. वीस अंशांची मुभा, एका स्प्रिंगच्या जोरावर! दाब फारच वाढला तर बूच जादा पाणी शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडतं, आणि गाडी गार झाली की दुसऱ्या इवल्याशा झडपेतून तेच पाणी परत ओढून घेतं.

आता पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीचं बूच हातात घेऊन बघा. चकतीचं रबर वाळलेलं, कडेला बारीक चिरा, मधे गंजाची तांबूस कडी. दाब धरलाच जात नाही. नाशिक शहरात सपाटीवर गाडी वर्षभर निमूट चालते, आणि घाटात पहिल्या मोठ्या चढाला उकळते. म्हणून तर ही खोड गॅरेजमध्ये सापडत नाही!

जुन्या गाडीचा खर्च बहुतेक असाच वाढतो. बूच दोन-तीनशे रुपयांत येतं. ते बदललं नाही तर हेड तापून वाकतं, हेडगॅस्केट जातं, पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइलचं झाकण उघडलं की आतून दुधाळ कॉफीसारखा फेस दिसतो, आणि मग इंजिन काम हजारांत जातं. थर्मोस्टॅटचंही तेच. त्याच्या पोटात मेण असतं. ८२ अंशांच्या आसपास ते वितळून फुगतं आणि पाण्याची वाट उघडतं. ना तार, ना वीज, नुसतं मेण! गाडी गरम होते म्हटलं की पुष्कळ ठिकाणी आधी हाच काढून फेकतात. माझं ऐकाल तर काढू देऊ नका. गार इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

सरकारी खर्चही आहेच. पंधरा वर्षांनी आरटीओत फेरनोंदणी, पुढे दर पाच वर्षांनी. एप्रिल २०२२ मध्ये कारवर्गाच्या खासगी गाडीला त्याची फी ५,००० रुपये झाली होती, शिवाय महाराष्ट्रात हरित कर.

घाटात पाण्याआधी पेट्रोलही उकळतं. त्यातले हलके अंश चाळीस अंशांच्या आतबाहेर वाफ होऊ लागतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पंपात ती वाफ अडकली की पेट्रोल पुढे सरकत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे. ते फडकं म्हणजे अख्खं भौतिकशास्त्र आहे! वाळताना ते पंपाची उष्णता पिऊन घेतं, माठासारखं.

आणि उतरताना? माणसांसकट बाराशे किलोची व्हॅन चारशे मीटर खाली आली, तर तेवढ्या ऊर्जेत पंधरा लिटर पाणी, म्हणजे बादलीभर, उकळीला येईल. ही उष्णता मुख्यतः ब्रेकनं गिळायची. ब्रेक ऑइल साधारणपणे दोनशे अंशांवर उकळतं. पण ते हवेतलं पाणी शोषतं, पावसाळ्यात मीठ ओलं होतं तसं. जुनं ऑइल दीडशेच्याही आत उकळू शकतं. नळीत बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पायाखालचा ब्रेक मऊ लागत थेट तळाला जातो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचंच.

वळणावरची ती व्हॅन अर्ध्या तासानं गार झाली. ड्रायव्हरनं बुचावर जाड फडकं धरून ते हलकेच अर्धवट फिरवलं, फुस्स झालं, मग बाटलीतलं पाणी ओतलं. घाई केली असती तर दाब सुटताच त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन तोंडावर आली असती. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशेपट जागा मागते.

संध्याकाळी तीच व्हॅन गडावरून उतरताना दिसली. दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडलेला. आता इंजिनात पेट्रोल जवळजवळ जातच नव्हतं. बंद वाटेतून हवा ओढता ओढता पिस्टन दमत होते आणि गाडी आवरत होते. चढताना उकळलेलं तेच इंजिन आता ब्रेक गार ठेवत होतं.