मेंदूतील आधारपेशींची जडणघडण

मुंबई उपनगरात वाकोल्याला लागूनच मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी आहे. विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी २००७ साली मूलभूत विज्ञानांसाठी जे संयुक्त केंद्र स्थापन केले, ते याच परिसरात आहे. अणुऊर्जा विभागाच्याच कक्षेतील कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मेंदूच्या घडणीसंबंधी झालेल्या एका महत्त्वाच्या संशोधनाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

मेंदू म्हटला की आपणास चेतापेशी आठवतात. मानवी मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात. परंतु जवळजवळ तितक्याच संख्येने तेथे आधारपेशीही असतात. जर्मन शास्त्रज्ञ विरचो यांना त्या चेतापेशींना सांधून ठेवणाऱ्या सरसासारख्या वाटल्या आणि पुढे दीर्घकाळ त्यांना दुय्यमच लेखले गेले. हे योग्य नव्हते. ताऱ्याच्या आकाराच्या तारकापेशी चेतापेशींचे पोषण करतात व भोवतालच्या क्षारांचे प्रमाण सांभाळतात. वेष्टनपेशी चेतातंतूंभोवती मायेलिनचे स्निग्ध आवरण गुंडाळतात. त्यामुळे संदेश वेगाने जातो.

नवल असे की गर्भाच्या मेंदूच्या बाह्यकात एकाच प्रकारच्या जनकपेशी आधी चेतापेशी, नंतर तारकापेशी आणि त्यानंतर वेष्टनपेशी निर्माण करतात. हा क्रम ठरवितो कोण?

त्याचे उत्तर पेशीतील रासायनिक निरोपात आहे. एफजीएफ हे संदेशवाहक प्रथिन जनकपेशीच्या बाहेरच राहते. पेशीच्या आवरणावरील ग्राहक-रेणू त्याला धरतो आणि ग्राहकाचे आतील टोक कार्यान्वित होते. मग एक प्रथिन दुसऱ्यास फॉस्फेट जोडून जागे करते, दुसरे तिसऱ्यास. या साखळीस एमएपीके असे नाव आहे. ग्रामपंचायतीचा मूळ ठराव दप्तरात राहतो आणि त्याची प्रत पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे जाते, तसाच हा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो व तेथील जनुके चालू किंवा बंद होतात. मात्र येथे प्रकरण टेबलावर पडून राहत नाही!

डॉ. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागात चेतापेशी की तारकापेशी, हा निर्णय एका नियामक प्रथिनावर अवलंबून असल्याचे दाखविले होते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बाह्यकातील फॉक्सजी-१ या नियामक प्रथिनाचे कार्य उलगडले. हे प्रथिन एफजीएफच्या एका ग्राहकाचे उत्पादन दाबून ठेवते. जणू निरोप घेणारी दारेच कमी ठेवते. उंदरांच्या जनकपेशींतून ते काढून टाकताच ग्राहक वाढले, एमएपीके साखळी जोमाने चालू झाली आणि चेतापेशींच्या ऐवजी तारकापेशी वेळेआधीच तयार होऊ लागल्या. त्याबरोबर एफजीएफचा निरोपही क्षीण केला, तेव्हा त्याच जनकपेशी वेष्टनपेशींच्या पूर्वज-पेशी निर्माण करू लागल्या. म्हणजे प्रश्न केवळ निरोपाचा नाही, पेशी तो किती ऐकते याचाही आहे.

याच जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असल्यास बालकास फॉक्सजी-१ हा विकार जडतो. डोके लहान राहते, आकडी येते, बोलणे व चालणे बहुधा साधत नाही. अद्याप हा विकार मुळातून बरा करणारे औषध नाही, आणि उंदरांवरील निष्कर्ष लगेच उपचारात उतरत नाहीत. म्हणून खात्रीशीर इलाजाच्या जाहिरातींपासून पालकांना सावध करणे आवश्यक आहे. आणखी एक गोष्ट गावोगावी सांगितली पाहिजे. हा दोष बहुतेक बालकांत नव्यानेच उद्भवलेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. तरीही ग्रहणाचे वा गरोदरपणातील खाण्याचे निमित्त करून आईलाच बोल लावला जातो. विकासात मागे पडणाऱ्या बालकाची तपासणी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व शाळेत करतात आणि गरजेनुसार त्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात.