टेम्पोतला आवाज आणि दुकानातला फोन

बारामती-इंदापूर भागातील आमच्या बहुतेक दुकानदार व कारागीर बांधवांचा माल टेम्पोनेच येतो. सोलापूरची चादर आणि टॉवेल महामार्गाने इंदापूरला येतात, तेथून निमगाव केतकी, भवानीनगरमार्गे बारामतीला. गळिताच्या हंगामात याच वाटेवर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि रात्री कित्येकींना मागे दिवाही नसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारा टेम्पो ३ सेकंदांत ५० मीटर पुढे जातो. तेवढ्यात चालकाने मोबाईल पाहिला, तर पुढची ट्रॉली त्याला दिसणार कधी?

हल्ली मोबाईलमधील नकाशा बोलून रस्ता सांगतो, हिंदीतही सांगतो. वळण कानावर आले की पडद्याकडे वारंवार पाहावे लागत नाही. ही सोय जरूर वापरावी. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय नियमांनीही गाडी चालवताना हातातील मोबाईल फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष न ढळता, वापरण्याची मुभा दिली आहे. मोबाईल हातात धरून बोलणे मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ खाली धोकादायक चालवणे ठरते. पहिल्या गुन्ह्याला १ ते ५ हजार रुपये दंड, ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही.

कानाला यंत्र लावले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये आवाजी हुकूम घेणाऱ्या मोटारी तपासल्या. काही मोटारींत हुकूम देऊन झाल्यावरही चालकाचे मन २७ सेकंदांपर्यंत पूर्णपणे रस्त्यावर परतत नव्हते. ६० च्या वेगात तेवढ्या वेळात साडेचारशे मीटर रस्ता मागे पडतो. हात मोकळे असले, तरी मन गुंतलेलेच राहते.

आता विचार आपण व्यापाऱ्यांनी करायचा आहे. चालकाला वाटेत सर्वाधिक फोन कोणाचे जातात? आपलेच. "कुठवर आलास? गठ्ठे किती? उधारी मिळाली का?" निघण्यापूर्वी पत्ता नकाशात भरून, आवाज चालू करून द्यावा. मालाचा हिशेब तेव्हाच संपवावा. भिगवण किंवा इंदापूरला चहासाठी थांबल्यावर चालकानेच फोन करावा, असा दंडक घालावा. तोवर गिऱ्हाईक थांबेल.

माल पुन्हा भरता येतो. चालक ही त्याच्या घरच्यांनी आपल्या हवाली केलेली अमानत आहे. शिर सलामत तर पगडी पचास, हे पागोटी विकणाऱ्यांना आम्ही वेगळे काय सांगावे!