यंत्र बरोबर, हिशेब चूक! पानाच्या आतला कार्बन डायऑक्साइड शास्त्रज्ञांना कसा चकवतो?

झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात, हे आपण शाळेत शिकलोय. पण एखादं पान प्रकाशसंश्लेषण किती जोमाने करतंय, हे मोजतात कसं?

पान न तोडता ते एका छोट्या बंद कप्प्यात धरतात. कप्प्यात जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड यंत्र मोजतं. जेवढा कमी झाला, तेवढा पानाने वापरला. पानातून किती वाफ बाहेर पडते, यावरून पर्णरंध्रं किती उघडी आहेत तेही कळतं. मग पानाच्या आतल्या हवेच्या पोकळीत किती कार्बन डायऑक्साइड आहे, याचं गणित मांडता येतं.

मग चूक कुठे होते?

समजा, तुमचं पार्सल सोसायटीच्या गेटवर आलं. वॉचमनच्या वहीत नोंदही झाली. पण तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता आणि लिफ्ट बंद आहे. पार्सल घरात आलं, असं म्हणाल का?

पानातही हेच होतं. पोकळी म्हणजे फक्त गेट. खरं काम चालतं हरितलवकात. तिथे रुबिस्को नावाचं विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं. तिथवर जायला या वायूला पेशीभित्तिका, पटलं आणि पेशीतला द्रव ओलांडावा लागतो. हवेच्या तुलनेत पाण्यात हा वायू सुमारे 10,000 पट हळू पसरतो. त्यामुळे गहू किंवा भातासारख्या पिकात बाहेर 400 पीपीएम असेल, तर पोकळीत साधारण 280 आणि हरितलवकात 200 च्या आसपासच उरतो.

1980 मध्ये ग्रॅहम फार्क्वार आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं प्रकाशसंश्लेषणाचं मॉडेल आजही जगभर वापरलं जातं. मात्र ते वापरताना पोकळीतला आकडाच हरितलवकातला आकडा मानायची सोय अनेकदा केली गेली. मग पान संथ दिसलं की दोष रुबिस्कोवर जातो. खरं तर कामगार तयार असतो, कच्चा मालच कमी पोहोचलेला असतो. पिकाचं उत्पन्न वाढवू पाहणाऱ्या संशोधकाने अशा वेळी रुबिस्को सुधारायला घेतलं, तर मेहनत भलत्याच जागी जाईल.

आतला आकडा कसा काढतात?

थेट मोजता येत नाही, पण खुणा मिळतात. रुबिस्को जड कार्बन-13 पेक्षा हलका कार्बन-12 पसंत करतं. पानावरून गेलेल्या हवेत या दोघांचं प्रमाण किती बदललं, यावरून आतला अडथळा काढता येतो. प्रकाश पडल्यावर हरितद्रव्य जो मंद लाल उजेड परत फेकतं, तोही मदतीला येतो.

आपल्याला काय फरक पडतो?

भरल्या पोटी माणसाला आणखी एक पोळी वाढली तर फारसा फरक पडत नाही. अर्धपोटी माणसाला पडतो. हरितलवक आपण समजतो त्यापेक्षा उपाशी असेल, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर त्याला जास्त फायदा होतो. 2014 च्या एका अभ्यासात हा आतला अडथळा एका जागतिक मॉडेलमध्ये घातला. 1901 ते 2010 या काळात वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे झाडांनी जास्तीचा जो कार्बन शोषला, त्याचा अंदाज 915 अब्ज टनांवरून 1,057 अब्ज टनांवर गेला. म्हणजे 16 टक्के वाढ!

याचा अर्थ झाडं आपल्याला वाचवतील आणि आपण निश्चिंत राहावं, असा नाही. हवेत उरलेला कार्बन डायऑक्साइड थेट मोजलेला आहे, तो यामुळे कमी होत नाही. पण पुढचे अंदाज नीट हवे असतील, तर गेटवरची वही पाहून भागणार नाही. पार्सल घरात पोहोचलं का, हे बघावंच लागेल.